केनियाहून भारतात परतताना यलो फिव्हरचा दाखला: घरातील ज्येष्ठांचे काय करावे?

केतकीबन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण, म्हणजे आई-बाबा, पत्नी, आठ वर्षांचा मुलगा आणि मी, मसाई मारा हे अभयारण्य पाहण्यासाठी केनियाला जाण्याचे ठरवीत आहोत. जाताना मुंबई ते नैरोबी थेट विमान आहे. परतीचे स्वस्त तिकीट आदिस अबाबामार्गे (इथिओपिया) मिळते आहे. तेथे रात्रभर थांबावे लागेल, पण विमान कंपनी हॉटेलची सोय करते.

यलो फिव्हर (पीतज्वर, डासांमुळे पसरणारा विषाणूजन्य रोग) याच्या लसीबाबत मात्र दोन प्रवास एजंटांनी दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या आहेत. पहिल्याचे म्हणणे असे, की केनिया भारतीयांकडे लस घेतल्याचा दाखला मागत नाही, त्यामुळे लस घेण्याची गरज नाही. दुसरा म्हणतो, की या दाखल्याच्या पिवळ्या कार्डाशिवाय प्रवासाचा विचारही करू नका. दोघेही या व्यवसायात मुरलेले असल्याने कोणावर विश्वास ठेवावा हे कळेनासे झाले आहे.

अडचण अशी, की बाबा 71 वर्षांचे असून त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे (दोन्ही आटोक्यात आहेत). आई 66 वर्षांची आहे आणि आमवातासाठी ती अनेक वर्षांपासून मेथोट्रेक्सेट व थोडे स्टिरॉइड घेते. मी स्वतः 2011 साली नायजेरियातील कामासाठी ही लस घेतली होती, परंतु कार्डावर दहा वर्षांचीच मुदत लिहिलेली आहे आणि दरम्यान पासपोर्टही बदलला आहे. मला ती पुन्हा घ्यावी लागेल का, आणि आई-बाबांना ती देता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

धावपट्टी

आपले दोन्ही एजंट आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एक जण जाण्याविषयी बोलतो आहे आणि दुसरा परत येण्याविषयी. केनिया हा दाखला यलो फिव्हरचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांकडे मागतो, आणि भारत अशा देशांमध्ये मोडत नाही. मुंबईहून थेट नैरोबीला उतरणाऱ्या माणसाला केनियाच्या नियमानुसार तो दाखवावा लागत नाही. खरी कडक अट भारताची आहे, आणि केनिया धोका असलेल्या देशांत मोडतो. धोका असलेल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो कोणी भारतात उतरेल, त्याच्याकडे वैध दाखला नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवता येते. यात पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे हे पाहिले जात नाही. आपण गेल्या सहा दिवसांत कोठे होतो एवढेच पाहिले जाते. म्हणून "आम्ही भारतीय आहोत, आमच्याच देशात येत आहोत" हा युक्तिवाद विमानतळावरील आरोग्य कक्षापुढे चालत नाही, आणि तो करणारे प्रवासी काही कमी नसतात.

भारत इतका आग्रही का, याचे कारण आपल्या घराघरांत आहे. हा रोग पसरवणारा एडिस इजिप्ती डास, जो डेंगी आणि चिकनगुन्याही पसरवतो, आपल्याकडे मुबलक आहे. लोकांना या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. आणि रोग मात्र अद्याप येथे आलेला नाही. 2016 साली अंगोलातील मोठ्या साथीच्या काळात तेथून चीनमध्ये परतलेल्या 11 जणांना हा रोग झालेला आढळला. आशियात तो अशा रीतीने प्रथमच पोहोचला होता, आणि सुदैवाने तेथे त्याचा स्थानिक प्रसार झाला नाही. सहा दिवसांचा हिशेबही यातूनच येतो, कारण आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत या रोगाचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) सहा दिवस धरला आहे. हे सहा दिवस मुंबईत उतरल्यापासून मोजायचे नसून संसर्गाची शक्यता जेथे शेवटची होती तेथून निघाल्यापासून मोजायचे असतात.

आपल्या 2011 च्या कार्डाची चिंता करू नये. 11 जुलै 2016 पासून या लसीचा दाखला आजन्म वैध मानला जातो आणि हा बदल त्याआधी दिलेल्या कार्डांनाही लागू आहे, त्यावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरीही. खाडाखोड करून ती तारीख मात्र कोणी "दुरुस्त" करू नये, कारण खाडाखोड केलेला किंवा एखादा रकाना रिकामा राहिलेला दाखला अवैध ठरवता येतो. नव्या आणि जुन्या पासपोर्टच्या क्रमांकांचा मेळ बसावा यासाठी जुना पासपोर्ट सोबत ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

---

शुश्रूषा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून आपल्या आई-बाबांपुरते लिहिते. येथे लिहिलेले वाचून निर्णय न घेता त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलावे, हे गृहीत धरते.

यलो फिव्हरची लस ही जिवंत, परंतु दुर्बल केलेल्या विषाणूची लस आहे. 1930 च्या दशकात मॅक्स थायलर यांनी विकसित केलेल्या 17डी या विषाणूच्या वाणावर ती आजही आधारलेली आहे, आणि त्या कामासाठी त्यांना 1951 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुसंख्य निरोगी लोकांसाठी ती उत्तम आणि सुरक्षित लस आहे. एकाच मात्रेने दीर्घकाळ संरक्षण मिळते. पण विषाणू जिवंत असल्यामुळेच ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी वा आजाराने दबलेली आहे, त्यांना ती देत नाहीत. मेथोट्रेक्सेट आणि स्टिरॉइड एकत्र घेणाऱ्या आपल्या आईंना ती मिळणार नाही असेच समजून चालावे. लस घेता यावी म्हणून काही आठवडे गोळ्या बंद ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया ऐकू नये. औषध थांबवल्यावर प्रतिकारशक्ती पूर्ववत होण्यास बराच काळ जातो आणि त्या काळात सांधे पुन्हा सुजले तर प्रवास बाजूलाच राहील.

वडिलांचा प्रश्न वेगळा आहे. आटोक्यातील मधुमेह व रक्तदाब या लसीच्या आड येत नाहीत. परंतु साठीनंतर प्रथमच ही लस घेणाऱ्यांमध्ये मज्जासंस्थेवर किंवा यकृत-मूत्रपिंडासारख्या अवयवांवर होणारे गंभीर दुष्परिणाम तरुणांच्या तुलनेत अधिक आढळतात. ते एकंदरीत दुर्मीळच आहेत, तरीही वय 71 असताना केवळ सहलीसाठी ही जोखीम घ्यावी का, हे तोलून पाहावे लागते. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी (ही लस कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांवर तयार होते) किंवा छातीतील थायमस ग्रंथीचा विकार पूर्वी कधी झाला असल्यास ते आवर्जून सांगावे. पत्नी गर्भवती असण्याची शक्यता असेल किंवा त्या बाळाला अंगावर पाजत असतील, तर तेही सांगायला हवे. मुलाला लस देण्यास वयाची अडचण नाही. त्याला गोवर किंवा कांजिण्यांची दुसरी एखादी जिवंत लस द्यायची राहिली असेल, तर ती त्याच दिवशी द्यावी किंवा दोहोंमध्ये चार आठवड्यांचे अंतर ठेवावे.

ज्यांना वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही, त्यांना तसे पत्र मिळते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हे पत्र इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये, कारणांसह, डॉक्टरांच्या सहीने असावे लागते आणि आगमनाच्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी ते विचारात घ्यावे अशी अपेक्षा असते. विचारात घेणे आणि प्रवेश देणे यांत फरक आहे, तेव्हा पत्र असूनही विलगीकरणाची वेळ येऊ शकते असे धरूनच बेत आखावा. शिवाय, आणि माझ्या मते हेच अधिक महत्त्वाचे आहे, त्या पत्राने कागदाचा प्रश्न सुटतो, डासाचा सुटत नाही. या रोगावर नेमके औषध नाही आणि तो गंभीर अवस्थेत गेला, तर सुमारे निम्मे रुग्ण दगावतात. हा डास दिवसाही चावतो, त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीवर भिस्त ठेवता येत नाही.

---

केतकीबन

दोघांचेही मनापासून आभार. हे सर्व आईला वाचून दाखवल्यावर तिने "मग मी घरीच राहते, तुम्ही जाऊन या" असे जाहीर करून टाकले, जे आम्हाला कोणालाच मान्य नाही. केवळ नैरोबीतच राहिलो आणि जंगलात गेलो नाही, तर काही फरक पडतो का? तसेच आदिस अबाबामध्ये आम्ही फक्त विमान बदलणार आहोत, त्यामुळे तो मुद्दा गौण समजावा का?

---

सवाना

मी नैरोबीत राहतो आणि सुट्टीत पुण्याला येत-जात असतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे. केवळ नैरोबी किंवा मोंबासाकडील किनारपट्टी एवढाच प्रवास असेल, तर या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारणपणे करत नाही. मसाई मारासाठी मात्र करते. पण हा झाला वैद्यकीय सल्ल्याचा नकाशा. धोका असलेल्या देशांची भारताची यादी देशवार आहे, जिल्हावार नाही. तीत केनिया संपूर्ण येतो. आपण कोणत्या शहरात राहिलो होतो हे मुंबईच्या विमानतळावर पटवून देण्यात अर्थ नाही.

येथून मुंबईचे विमान पकडताना बोर्डिंग पास देण्याआधीच कार्ड मागतात. काउंटरवरील कर्मचारी पासपोर्टशी नाव ताडून पाहतो, मग लसीची तारीख, बॅच क्रमांक आणि केंद्राचा शिक्का या रकान्यांवरून बोट फिरवतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागते. अडते ते एका क्षुल्लक जागी: कार्डावर लस घेणाऱ्याची स्वतःची सही असावी लागते आणि ती करायची अनेकांकडून राहून जाते. मुलाला लिहिता येत नसेल, तर पालकाने सही करायची असते. कुटुंबाचे मिळून एक कार्ड चालत नाही, तान्ह्या बाळाचा अपवाद सोडला तर प्रत्येकाचे स्वतंत्र लागते.

---

धावपट्टी

आदिस अबाबाचा मुद्दा गौण नाही. इथिओपियाही यादीत आहे. विमान बदलताना प्रवासी संपूर्ण वेळ विमानतळाच्या आवारातच राहिला आणि आरोग्य अधिकाऱ्याची तशी खात्री पटली, तर भारत त्याला सूट देतो. विमान कंपनीने दिलेल्या "मोफत" हॉटेलसाठी आपण बाहेर पडलात, की इथिओपियात प्रवेश केल्याचा शिक्का पासपोर्टवर उमटतो आणि सूट संपते. आपण केनियाहूनच येणार असल्याने आपल्या बाबतीत दाखला तसाही लागणारच आहे, पण जे दक्षिण आफ्रिकेहून आदिसमार्गे परततात, त्यांना ही रात्र महागात पडू शकते.

आई-बाबांना सोबत न्यायचेच असेल, तर माझी सूचना अशी, की देशच बदलावा. दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना आणि नामिबिया हे तिन्ही यलो फिव्हरचा धोका असलेल्या देशांत मोडत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात ऑगस्ट हा कोरड्या हिवाळ्याचा महिना असतो, गवत खुजे झालेले असते, प्राणी पाणवठ्यांवर येतात आणि हिवतापाचा धोकाही पावसाळ्याच्या मानाने कमी असतो (कमी म्हणजे शून्य नव्हे, त्यामुळे प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावेच, आणि त्या गोळ्यांचे आईंच्या औषधांशी जमते का हेही). गेंडे, सिंह, हत्ती सगळे दिसते. मारातले नदी ओलांडणाऱ्या रानबैलांचे (विल्डेबीस्ट) कळप तेवढे दिसणार नाहीत. जाता-येता मात्र आखाती देशांतून जाणारे विमान घ्यावे, नैरोबी किंवा आदिसमधून नव्हे. दक्षिण आफ्रिका स्वतःही धोका असलेल्या देशांतून आलेल्यांकडे हा दाखला मागते, आणि अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांहून अधिक काळ थांबलेला प्रवासीही त्यात मोडतो.

केनियानंतर सहा दिवसांहून अधिक काळ एखाद्या तिसऱ्या, धोका नसलेल्या देशात काढून मग भारतात यावे, ही पळवाट काही जण सुचवतात. नियमात ती बसते, पण तो तिसरा देशही केनियाहून येणाऱ्याकडे हाच दाखला मागत असू शकतो, आणि आईंना मारामध्ये डास चावण्याचा प्रश्न तिने सुटत नाही.

---

ओटीपदर

वरील सर्वांशी सहमत. केनियाच कायम राहिले आणि आपली पत्नी व मुलगा लस घेणार असतील, तर एक व्यावहारिक बाब सांगते. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. शासनाने मान्यता दिलेल्या मोजक्या केंद्रांवरच मिळते आणि तेथील शिक्क्याचेच कार्ड चालते. मुंबईत विमानतळ आणि बंदर या दोन्ही आरोग्य कार्यालयांची केंद्रे आहेत. एका कुपीत अनेकांच्या मात्रा असतात आणि ती एकदा तयार केली, की काही तासांत संपवावी लागते, म्हणून ठरावीक वारी, आगाऊ वेळ घेतलेल्यांनाच बोलावतात. साठा नसल्याने तारीख पुढे गेल्याचेही घडते. मूळ पासपोर्ट बरोबर न्यावा, चालू औषधांची चिठ्ठीही न्यावी. "तुम्ही यायची गरज नाही, कार्ड मी आणून देतो" असे म्हणणाऱ्या एजंटाला तेथूनच नमस्कार करावा. असे कार्ड बनावट असते आणि पकडले गेल्यास निस्तरावे आपल्यालाच लागते.

दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो, म्हणजे 1 ऑगस्टला लस घेतली तर 11 ऑगस्टपासून. नियमाच्या दृष्टीने भारतात उतरण्याच्या दिवशी तो वैध असला म्हणजे पुरते, त्यामुळे निघण्याच्या तीन-चार दिवस आधी लस घेऊनही परतीचा कागद जुळवता येतो. पण संरक्षणही साधारण तेवढ्याच दिवसांनी तयार होते, तेव्हा मारात पोहोचण्यापूर्वी दहा दिवस पूर्ण झालेले असावेत असाच हिशेब ठेवावा. ऑगस्टचा प्रवास असेल तर जूनअखेरीस वेळ घेऊन टाका. तारीख एकदा हुकली तरी हाताशी महिना राहील.