ओपनर नसताना वाईनचं बूच कसं काढलंत? कोल्हापूरकर, अनुभव सांगा

परवा पन्हाळ्यावर मुक्कामी होतो. नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना फिरवायचं झाकण असतं, त्यामुळं ओपनर जवळ ठेवायची सवयच नाही. ही बाटली मात्र बुचाची निघाली. मित्रानं सुरी खुपसली, ती सटकली आणि तळहाताला ३ टाके पडले. परत कुणाचं असं होऊ नये म्हणून विचारतोय. स्वतः केलेलंच सांगा.

उद्यमनगर
भावा, सुरी कधीच नको. लाकडात घालायचा, मोठ्या आट्यांचा अडीच इंची स्क्रू घे. मशीनचा बारीक आट्यांचा चालत नाही, बूच पोखरून स्क्रू एकटाच वर येतो. माझं पहिल्यांदा तेच झालं. मधोमध, सरळ फिरवत आत घाल आणि पेरभर डोकं वर ठेव. आरपार गेला तर भुगा वाईनमध्ये पडतो. मग डोकं पक्कडीत धरायचं, बाटली गुडघ्यांत दाबायची, हलकं डोलवत वर ओढायचं. जोर लागतो, कारण साधारण २४ मिलिमीटर जाडीचं बूच १८-१९ मिलिमीटरच्या गळ्यात दाबून बसवलेलं असतं. पण घाई करू नको. एकदा हललं की येतंच.

राजारामपुरी
बाटलीचा तळ बुटाच्या टाचेत बसवून भिंतीवर आपटायचा प्रकार मी केलाय. कोल्हापुरी चपलेत जमत नाही, टाचेला आधारच नाही. धावायच्या जाड बुटात जमलं. दर ठोक्याला वाईन उसळून बुचाला आतून ढकलते. पंधराएक ठोक्यांत बूच बोटभर वर आलं, उरलेलं हातानं ओढलं. भिंत पक्की हवी. माझ्या घरचा गिलावा पडला.

ताराबाई पार्क
नाताळच्या केकसाठी वाईन हवी होती. लाटण्याच्या बारीक टोकानं बूच आतच ढकललं. आतली हवा दाबली जाते, त्यामुळं बूच सुटताक्षणी वाईन उडते. माझी साडी गेली. बाटली सिंकमध्ये धरा, गळ्याभोवती फडकं गुंडाळा. ओतताना बूच तरंगत गळ्याशी येऊन अडतं. विणकामाची सुई घालून ते बाजूला धरलं, मग धार नीट पडली.

कसबा बावडा
लायटरनं गळा तापवला. काच तडकली, सगळी वाईन ओतून द्यावी लागली. नका करू.

शाहूपुरी
फेसाळणाऱ्या वाईनवर यातलं काहीच करू नका! आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. तिला ओपनर लागतच नाही. बूच अंगठ्यानं दाबून तार सोडवा, तोंड माणसांपासून लांब धरा, मग बूच घट्ट धरून बाटली फिरवा.

धागाकर्ता
उद्यमनगरच्या दादा, आज तुमच्या रीतीनं केलं. बूच अख्खं आलं. पण बूच जुनं, ठिसूळ असलं तर?

उद्यमनगर
मग स्क्रू नको, ताईंचं लाटणं बरं. आणि मलमलीतून गाळून घे.