मदत हवी आहे: ३० पट झूमवर उजवा कोपरा मऊ, लेन्स की हवा?

मंडळी, खिशात मावणारा ३० पट झूमचा कॅमेरा आहे, २४ ते ७२० मिमी, सेन्सर १/२.३ इंची. ७२० मिमीला फ्रेमचा उजवा वरचा कोपरा धुतल्यासारखा येतो, पानांच्या कडा पसरतात. मधला भाग ठीक.

चाचणी अशी: ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, २ सेकंदांचा टायमर, आयएसओ १००, १/५०० शटर. अंबाझरी तलावाच्या काठावरून पलीकडची झाडं, दुपारी दोनला. इथंच घोळ असावा. नागपूरच्या उन्हात तापलेली हवा थरथरते, ७२० ला ती दिसणारच. पण मग सगळी फ्रेम बिघडायला हवी, एकच कोपरा का? एफ/६.४ वर विवर्तनाचा (लेन्सच्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याचा) मऊपणाही सगळीकडे सारखाच असतो.

पुढची चाचणी सकाळी सहाला, १५-२० मीटरवरच्या विटांच्या भिंतीवर. एकदा कॅमेरा सरळ, एकदा उलटा. फोटो पाहताना उलटा फोटो फिरवून सुलटा केल्यावर मऊपणा डावीकडे खाली गेला, तर भिंग तिरकं बसलंय असंच ना? कॅमेरा भिंतीला काटकोनात आहे हे घरच्या घरी कसं तपासता? आणि वॉरंटीत असा कोपरा दुरुस्त होतो, की ‘एवढं चालतंच’ म्हणून परत पाठवतात?