सेट-टॉप बॉक्सच्या सरकारी जाहिरातींनी ज्येष्ठांना नक्की काय सांगितलं?

मुलुंडकर

मुंबईत केबल डिजिटल करण्याची सक्ती लागू झाली ३१ ऑक्टोबर २०१२ ला. मूळ मुदत त्याच वर्षीच्या ३० जूनची होती, ती चार महिने पुढे ढकलली. त्या काळातली सरकारी जाहिरात आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी आठवून बघा. अमुक तारखेनंतर बॉक्सशिवाय टीव्ही दिसणार नाही. बॉक्स घेतलात तर चित्र स्वच्छ, चॅनेल जास्त, आणि बघाल तेवढ्याचेच पैसे. बस्स, एवढंच.

माझं म्हणणं असं, की ही जाहिरात सत्तरीतल्या माणसासाठी केलेलीच नव्हती, आणि टीव्हीचा खरा आधार तर त्यालाच असतो. आधी केबलची वायर थेट टीव्हीत जायची. केबलवाल्याने एकदा चॅनेल लावून दिले की सातवर बातम्या, अकरावर मालिका, एकच रिमोट. बॉक्स आला आणि रिमोट दोन झाले. एकाने टीव्ही चालू करायचा, दुसऱ्याने चॅनेल बदलायचा, आणि चॅनेलचे नंबर तीन-तीन आकडी. यात हमखास घडणारा प्रकार म्हणजे टीव्हीच्या रिमोटवरचं भलतंच बटण दाबलं जातं, किंवा लाइट जाऊन येतो आणि टीव्ही आपोआप जुन्या अँटेनाच्या जागी परततो. पडदा निळा, त्यावर इंग्रजीत ‘नो सिग्नल’. म्हातारं माणूस समजतं की टीव्ही बिघडला. खरं तर ‘सोर्स’ किंवा ‘एव्ही’ लिहिलेलं बटण दाबून टीव्ही पुन्हा बॉक्सवर आणायचा असतो. हे वीस सेकंदांत दाखवता आलं असतं.

आपल्याकडे अशी जाहिरात कुणाला जमत नाही असंही नाही. जुलाबावर मीठ-साखर-पाणी कसं कालवायचं हे दूरदर्शनने प्रत्यक्ष करून दाखवलं होतं, नुसतं ‘जुलाब झाल्यास काळजी घ्या’ म्हणून सोडून दिलं नव्हतं.

नीलाक्षी

साफ असहमत. जाहिरातीचं पहिलं काम तारीख सांगणं. ती इतक्या वेळा कानावर आदळली नसती तर १ नोव्हेंबरला निम्म्या मुंबईने ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणून ओरड केली असती. ज्येष्ठांना तर तारीख जास्तच कळायला हवी होती, कारण बॉक्सच्या पैशांची तजवीज त्यांना पेन्शनमधून करायची होती.

आणि बटण कुठलं दाखवणार? कुणाच्या टीव्हीवर ‘सोर्स’, कुणाच्या ‘इनपुट’, कुणाच्या ‘टीव्ही/एव्ही’. बॉक्सचे रिमोट प्रत्येक कंपनीचे वेगळे. सरकारने एक रिमोट दाखवला असता तर बाकी घरांतली मंडळी तसलं बटण शोधत बसली असती.

तिसरं, आणि हे मला मनापासून खटकतं: म्हातारी माणसं म्हणजे गोंधळलेली, केविलवाणी, असं दाखवणाऱ्या जाहिराती मला नकोत. माझ्या आईने सगळं रिमोट-प्रकरण सत्तरीत शिकून घेतलं. शिकवणं हे घरच्यांचं काम आहे.

मुलुंडकर

घरात माणूस असेल तर ना. मुलं बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीत, आणि इथे दोघंच. अशी किती दारं आपल्या प्रत्येकाच्या सोसायटीत आहेत.

जुना केबलवाला

तुम्ही दोघंही जाहिरातीबद्दल बोलताय, म्हणून त्या वेळी लाइनवर काम करणाऱ्याने लिहायला हवं.

जाहिरात लागली की फोन सरकारला जात नव्हते, आम्हाला येत होते. पहिला प्रश्न, ‘आमचा टीव्ही जुना आहे, नवीन घ्यावा लागेल का?’ उत्तर ‘नाही’. ज्या डब्बा टीव्हीला मागे पिवळी-पांढरी पिन लागते त्याला बॉक्स आरामात चालतो, आणि त्याहून जुन्या सेटला अँटेनाच्या वायरने जोडता येतो. पण जाहिरातीत मोठा चपटा टीव्ही, त्यामुळे आजोबांना वाटायचं की सेटच बदलायचा आहे. काहींनी बदललाही, बिनकारण. हे मात्र जाहिरातीच्या एका ओळीत थांबवता आलं असतं: ‘तुमचा टीव्ही तोच राहील.’ त्यात कुठल्या कंपनीचा रिमोट आडवा येत नाही.

दुसरं म्हणजे फॉर्म. बॉक्स लावून दिला की ग्राहकाचा अर्ज भरून घ्यायचा होता: नाव, पत्ता, कुठले चॅनेल हवेत, सोबत ओळखपत्र. टीव्ही बघायला आधारकार्ड का द्यायचं, हा म्हाताऱ्यांचा प्रश्न रास्त होता. अनोळखी पोरगा दारात येऊन कागदपत्रं मागतो म्हटल्यावर त्यांनी संशय घेतला तर चूक काय? असा माणूस येईल, त्याला काय द्यायचं, काय नाही द्यायचं, हे सरकारी आवाजात आधी कानावर पडलं असतं तर आमचं काम हलकं झालं असतं.

आणि एक, ही सक्ती का आली ते कुणी मोकळेपणाने सांगितलं नाही. जुन्या पद्धतीत केबलवाला वर ग्राहक कमी दाखवायचा, त्यामुळे चॅनेलवाल्यांचे पैसे आणि सरकारचा कर दोन्ही बुडायचे. बॉक्समुळे घर मोजलं जातं. ग्राहकाला मात्र फक्त ‘स्वच्छ चित्र’ सांगितलं.

स्लाउहून

इथे ब्रिटनमध्ये हे काम कसं झालं ते सांगते. पहिला नंबर लागला कंब्रियातल्या व्हाइटहेवन या छोट्या गावाचा, २००७ मध्ये. मग एकेक भाग करत २०१२ च्या ऑक्टोबरात उत्तर आयर्लंडला संपलं. जाहिरातीत ‘डिजिट अल’ नावाचा छोटा रोबो होता, तो सगळ्यांसाठी. पण ७५ वर्षांवरच्यांसाठी, अपंगांसाठी आणि दृष्टी अधू असलेल्यांसाठी वेगळी मदत योजना होती. त्यांना घरी पत्र यायचं. ४० पौंड भरले की बॉक्स मिळायचा, लावून मिळायचा आणि कसा वापरायचा ते दाखवूनही मिळायचं. गरिबांतल्या बऱ्याच जणांना हे सगळं फुकट. पैसा टीव्ही परवान्याच्या शुल्कातून काढून ठेवलेला, तब्बल ६० कोटी पौंड.

मुलुंडकर, तुम्ही जे जाहिरातीकडून मागताय ते इथे जाहिरातीने केलंच नाही. दारात आलेल्या माणसाने केलं. रोबोने फक्त वातावरण तयार केलं.

नीलाक्षी

त्या योजनेचं पुढे काय झालं तेही सांगा. अपेक्षेपेक्षा खूपच कमी लोकांनी ती घेतली, आणि उरलेला पैसा ब्रॉडबँडकडे वळवला गेला. ब्रिटनमधल्या आजी-आजोबांनीही शेवटी घरच्यांकडून, शेजाऱ्यांकडूनच काम करून घेतलं असणार.

स्लाउहून

पैसा उरला हे खरं. पण ज्यांना कुणीच नव्हतं त्यांना हक्काने बोलावता येईल असं कुणीतरी होतं. किती जणांनी बोलावलं यावरून त्याची किंमत करणं मला पटत नाही.

निवृत्त बाई, नाशिक

मी स्वतः ७४ वर्षांची आहे, म्हणून लिहिते. आमच्याकडे सक्ती आली ३१ मार्च २०१३ ला, दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांबरोबर. बटणं मला आली. त्याचं एवढं अवडंबर नको.

मला खरा राग आहे तो २०१९ चा. त्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे टीव्हीचे दर ठरवणाऱ्या सरकारी नियामकाचे, नवे दर लागू झाले आणि टीव्ही लावला की प्रत्येक वाहिनी आपल्याच पॅकची किंमत ओरडून सांगत होती. एक आकडा इथला, एक तिथला. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. नुसती जोडणी महिन्याला १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यात १०० चॅनेल, पण दूरदर्शनचे अनिवार्य चॅनेलही त्या शंभरातच. वर पैशांचे चॅनेल वेगळे. एवढा हिशेब कुठल्याही जाहिरातीने एकत्र मांडून दाखवला नाही. किमती बघायला ९९९ नंबरच्या चॅनेलवर जा म्हणाले. गेले. तिथे अक्षर इतकं बारीक आणि पान इतक्या झपाट्याने पुढे सरकणारं, की खुर्ची पडद्याजवळ ओढूनही ओळ पुरी होईना. ‘बघाल तेवढ्याचेच पैसे’ हे वाक्य २०१२ मध्ये दिलं होतं ना? मग बिल वाढलं ते कशाने, हे सांगायची जबाबदारी कुणाची? पुढे २०२० मध्ये शंभराचे दोनशे चॅनेल केले आणि अनिवार्य चॅनेल त्या मोजणीतून बाहेर काढले, ते मला वर्तमानपत्रातून कळलं, टीव्हीवरून नाही.

मी वर्गात बेरीज शिकवताना आधी एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवायची. एका घराचं एक बिल पडद्यावर सोडवून दाखवा, मोठ्या अक्षरात, सावकाश. मला तेवढं पुरे होतं.

आजगावकर

गावाकडचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे केबल कधीच नव्हती, छपरावरच्या अँटेनावर सह्याद्री दिसायची. दूरदर्शनने ते जुने ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले, बहुतेक २०२२ च्या मार्चपर्यंत. दूरदर्शनचीच छत्रीवरची सेवा, डीडी फ्री डिश, घेतली की महिन्याचे पैसे लागत नाहीत, एकदाच छत्री आणि बॉक्सचा खर्च. इतकी साधी, फायद्याची गोष्ट, पण तिची जाहिरात टीव्हीवर. ज्याचा टीव्ही बंद पडलाय त्याने ती बघायची कुठे? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि एसटी स्टँडवर एक-एक कागद लावला असता तर आमच्या शेजारच्या म्हातारीने टीव्हीवर गोधडी घालून तो कोपऱ्यात ढकलला नसता.

मुलुंडकर

आजगावकर, हे माझ्या मुद्द्याच्याही पुढचं आहे. बाई, तुमच्या बिलाच्या उदाहरणाला पूर्ण अनुमोदन.

नीलाक्षी

बिलाबाबत बाईंशी मीही सहमत, आणि ‘तुमचा टीव्ही तोच राहील’ ही ओळ जाहिरातीत यायलाच हवी होती. बटणाचं मात्र मला अजूनही पटलेलं नाही. ते दाखवायला बॉक्स विकणाऱ्या कंपनीने माणूस पाठवावा, आणि तसं केल्याची ग्राहकाची सही त्याच फॉर्मवर घ्यावी. बॉक्सचे हजार-बाराशे रुपये तिनेच घेतले होते.