'सर्फ'ला मराठीत काय म्हणावं?

धांदरट :
तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या खेड्यावरचं एक प्रकरण शाळकरी मुलांसाठी मराठीत आणतेय. 'सर्फ'पाशी, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यापाशी, अडले. आधी सरळ 'गुलाम' लिहून मोकळी झाले होते. पुढच्याच ओळीत या गुलामाकडे ३० एकर जमीन आणि दोन बैल निघाले. घरातला सातवीतला वाचक म्हणतो, "आई, आपल्याकडे दोन गुंठेपण नाहीत, मग गुलाम कोण?" भूदास, कूळ, वेठबिगार असे तीन शब्द डोक्यात आहेत. तिन्ही कुठे ना कुठे खुपतात.

वाटसरू :
भूदास. पुस्तकांत हाच असतो. विषय संपला.

धांदरट :
नाही ना संपला. 'भूदास' वाचून मुलगा म्हणाला, "म्हणजे विनोबांचं ना?" आता भूदान आणि भूदास यांत फरक एका अक्षराचा, त्याचं काय चुकलं?

खलाटी :
मी कुळाच्या बाजूने. आम्ही रायगडकडचे. खोताकडे कार्य निघालं की लाकडं फोडायला आमच्या घरातलं एक माणूस जायचंच, मजुरी नाही, असं आजी सांगायची. खोतांविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली संप केला, तो १९३९ पर्यंत चालला, तो काय उगाच? दुसऱ्याची जमीन कसायची, धान्य द्यायचं, वर फुकट राबायचं. तुमचा सर्फ याहून वेगळा काय करत होता?

पेन्शनर मास्तर :
खलाटी, कूळ बरंच जवळ जातं आणि ऐन मोक्याला ठेचकाळतं. कुळाला धास्ती कशाची, तर जमीन काढून घेतील याची. म्हणून तर १९४८ चा कूळकायदा करावा लागला. सर्फाचं दुखणं वेगळं. त्याला सहसा कुणी हाकलत नसे आणि जाऊही देत नसे. गावच्या रिवाजाने बापाची जमीन मुलाकडे जाई. त्या अर्थी तो आपल्याकडच्या मिरासदाराचा, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धरणाऱ्याचा, भाऊ. पण मिरासदार गाव सोडून परागंदा झाला, तर त्याला परत आणायला कौल, म्हणजे सवलतीचं लेखी वचन, द्यावा लागे, मनधरणी करावी लागे. पळालेल्या सर्फावर जमीनदार हक्क सांगू शके. शहरात जाऊन वर्ष आणि वर एक दिवस काढला, तर पुष्कळ ठिकाणी तो मोकळा धरत. 'शहराची हवा मोकळं करते' ही जर्मन म्हण त्यातूनच आली.

आता 'दास'. मूळ लॅटिन 'सर्वुस' म्हणजे गुलामच, त्याचं फ्रेंचांच्या तोंडी 'सर्फ' झालं. तेव्हा व्युत्पत्तीने भूदास चूक नाही. गंमत अशी की शब्द जागेवर राहिला आणि आतला माणूस बदलला. त्याला घरदार, औत, जमीन मिळाली. मग बाजारात विकल्या जाणाऱ्या खऱ्या गुलामासाठी नवा शब्द लागला, तो 'स्लाव्ह' या लोकांच्या नावावरून पडला, कारण पकडून विकलेल्यांत ते फार. इंग्रजीतला 'स्लेव्ह' तोच.

आणि ताई, तुमचं खेडं इंग्लंडचं असेल तर तिथे त्याला बहुतेक वेळा सर्फ म्हणतच नसत, 'विलन' म्हणत. 'विला' म्हणजे जमीनदाराची शेतवाडी, तिथला तो विलन. १०८६ च्या डोम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-माणसांच्या नोंदवहीत, नोंदलेल्यांपैकी दहातले साधारण चार विलन आहेत, आणि 'सर्वी' म्हणजे गुलाम वेगळे मोजलेत, दहातला साधारण एक. पुढच्या शंभरेक वर्षांत ते गुलाम नोंदींतून नाहीसे झाले आणि विलन मात्र खाली घसरत अस्वतंत्र ठरला. राजाच्या न्यायालयात तो इतर कुणावरही फिर्याद लावू शके, फक्त स्वतःच्या जमीनदारावर नाही. आपल्या सिनेमातला व्हिलन याच बिचाऱ्याचा वंशज. आपणही 'गावंढळ' ही शिवी करून ठेवलीच आहे, तेव्हा इंग्रजांना हसू नये.

रानवारा :
मग वेठबिगारच बरा की. वेठ हा शब्द 'विष्टि'वरून आलेला, म्हणजे चांगला जुना, आणि 'प्रवाशांना वेठीस धरले' हे आजही रोज छापून येतं.

पेन्शनर मास्तर :
वेठ हवीच, पण वेठबिगार म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो कर्जापायी अडकलेला भूमिहीन. सर्फाची वेठ माणसावर नव्हती, जमिनीवर होती. ३० एकरांच्या तुकड्यामागे जमीनदाराच्या शेतात आठवड्याचे दोन-तीन दिवस, असा हिशेब. स्वतः जा, पोराला धाडा, नाहीतर गडी लावा. पुढे पुढे दिवसांऐवजी रोकडही घेऊ लागले.

रानवारा :
आणि सुगीत वर जादा दिवस असायचे ना? त्या दिवसांचं जेवण जमीनदाराकडून. वाचल्यावर मला आमच्या मराठवाड्यातली इर्जिकच आठवली. सगळ्यांनी औतं घेऊन एकाच्या रानात उतरायचं आणि त्याने पंगत घालायची.

पेन्शनर मास्तर :
वा! आणि त्या दिवसांचे प्रकारही होते. जेवणाबरोबर एल, म्हणजे तिथली बियर, असेल तर 'ओला' दिवस. नुसतं पाणी असेल तर 'कोरडा'. काही गावी तर 'उपाशी' दिवसही होता, भाकरी ज्याची त्याने आणायची. लॅटिन कागदांत या जादा कामाला जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'विनंती'. जमीनदार विनंती करतो म्हणे!

पण इर्जिक लिहू नका. इर्जिकीत आज माझं रान, उद्या तुझं. जमीनदार काही सर्फाच्या शेतात कापणीला उतरत नव्हता. पंगत सारखी दिसली तरी फेड नाही.

खलाटी :
दळणाचं काय होतं? आजीच्या गोष्टींत खोत तेवढा दळणात पडत नसे.

पेन्शनर मास्तर :
तिथे पडे. दळण जमीनदाराच्याच गिरणीवर न्यायचं आणि धान्याचा वाटा तिथे ठेवायचा. घरी जातं ठेवणं म्हणजे त्याचं उत्पन्न बुडवणं. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स इथे गावावर मठाची सत्ता होती. १३३० च्या आसपास तिथल्या मठाधिपतीने घराघरांतली जाती जप्त केली आणि ते दगड मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले. येताजाता गावाने बघावं! पन्नास वर्षं गाव ते विसरलं नाही. १३८१ च्या उठावात लोक मठात घुसले, फरशी उखडली, दगड फोडले आणि चर्चमध्ये प्रसादाचा पाव वाटतात तसे तुकडे घरोघर वाटून घेतले. हे लिहून ठेवलंय त्याच मठातल्या एका साधूने, अर्थात चिडून.

त्याच उठावात १४ जूनला चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्ड राजाने माइल एंडच्या मैदानात विलनांना मोकळं केल्याची पत्रं द्यायला सुरुवात केली, आणि महिना उलटायच्या आत मागे घेतली.

धांदरट :
जात्याची गोष्ट मुलाला आत्ताच वाचून दाखवली. त्याचा प्रश्न : "मग ते तुकडे घेऊन दळणार कसं?" मला उत्तर आलं नाही.

बरं, निकाल असा. मजकुरात 'विलन' ठेवते, शब्द त्यांचाच. पहिल्यांदा येईल तिथे सांगते : 'जमिनीला बांधलेला शेतकरी. जमीन त्याच्याकडे, पण गाव सोडायची मुभा नाही आणि जमिनीपायी वेठ चुकत नाही.' भूदास बाद, कूळ बाद. वेठ राहिली.

आता दोन शब्द उरलेत. मुलीच्या लग्नासाठी जमीनदाराला द्यायची रक्कम, आणि घरचा कर्ता मेला की जमीनदार गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर घेऊन जातो ते.

पेन्शनर मास्तर :
पहिल्याला 'लग्नटका' चालेल. आपल्याकडच्या करांच्या जुन्या याद्यांत तो आहे, आणि पाट लावला तर 'पाटदाम'. आपला कर सरकारी होता आणि त्यांचा जमीनदाराचा, तेवढी तळटीप टाका. दुसऱ्याला मात्र तयार शब्द शोधू नका. 'मयताच्या दावणीतलं उत्तम जनावर' असंच लिहा.

खलाटी :
आजी असती तर एका शब्दात सांगितलं असतं. छापता आलं नसतं, इतकंच.