ब्रेक तुटलेला नाही, मुद्दाम सोडलेला असतो

एकांनी लिहिलंय की वादळात टॉवर क्रेनची जिब, म्हणजे वरचा लांब आडवा हात, आपोआप फिरताना दिसली म्हणजे ब्रेक गेला, साइटवाल्यांचा हलगर्जीपणा. नेमकं उलटं आहे. काम थांबवून खाली उतरताना ऑपरेटर हुक वर घेतो आणि फिरण्याचा ब्रेक सोडून देतो. जिब वाऱ्याच्या दिशेने वळली की वारा आडवा बसत नाही. ब्रेक लावून ठेवला तर सगळा जोर टॉवरवर येतो आणि क्रेन कोसळूही शकते. खरी भीती न फिरणाऱ्या क्रेनची!

मी वरळी-परळ पट्ट्यात क्रेनवर मेकॅनिक आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेने ब्रेक सोडायची यंत्रणा गंजून जाम होते, कंट्रोलवरचं बटण मात्र 'सोडला' असंच दाखवतं. म्हणून पावसाळ्याआधी बटणावर विसंबत नाही. वर मोटरशेजारी बसून ब्रेकची प्लेट सुटते का ते बघतो, मग साध्या झुळकीवर जिब हलते का ते. दुसरी डोकेदुखी बिल्डरच्या नावाचे फलक. जिबचं क्षेत्रफळ जास्त म्हणून वारा ज्या दिशेला जातो तिकडे ती वळते, तिच्या विरुद्ध टोकाची बॅलन्सच्या वजनाची बाजू मागे राहते. त्या मागच्या बाजूला मोठा बॅनर ताणला की हा हिशोबच बिघडतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते, पण मार्केटिंगवाल्यांना ती कोण वाचून दाखवणार? आम्ही सरळ उतरवायला लावतो, मग दोन दिवस फोन चालू.