शब्दचर्चा : दमा, धाप आणि 'उचल खाणे'

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सीओपीडीच्या रुग्णांना द्यायचं एक पानी पत्रक तयार करते आहे. त्याचं 'दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकार' हे मराठी नाव वाचून दाखवलं तर कुणालाच उमगत नाही. 'दमा' म्हटलं की लगेच कळतं. मग दमाच लिहावं का? आणि 'एक्झासर्बेशन'ला, म्हणजे आजार एकाएकी बळावतो त्याला, काय म्हणावं?

उत्तर : ताई, दमा कृपया लिहू नका. तो शब्द अस्थमाला राहू द्या. अस्थमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, कमी-जास्त होत राहतो. सीओपीडी साधारण चाळिशीनंतर दिसतो, आणि नळ्या रुंदावणारा पंप देऊन फुंकायची तपासणी (स्पायरोमेट्री) केली तरी श्वासनळ्यांचा अडथळा पूर्ण जात नाही. 'गोल्ड' या सीओपीडीवरच्या जागतिक तज्ज्ञगटाच्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा आणि एकूण फुंकलेली हवा यांचं ०.७० पेक्षा कमी गुणोत्तर ही खूण आहे. उपचाराचा पायाही वेगळा. अस्थमात स्टिरॉइडचा पंप हवाच. नळ्या रुंदावणारं दीर्घकाळ टिकणारं औषध एकटं दिलं तर जिवावर बेतू शकतं. सीओपीडीत मात्र आधी तेच औषध, आणि स्टिरॉइड निवडक रुग्णांना, कारण त्यानं न्यूमोनियाचा धोका वाढतो. कागदावर नुसतं 'दमा' असेल तर पुढच्या डॉक्टरनं काय समजायचं? 'सीओपीडी' असंच लिहा, खाली 'धुरामुळे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार'.

उत्तर : नुसतं 'धुरामुळे' नको. कामावरची धूळ आणि पूर्वी झालेला टीबी यांमुळेही होतो. आणि चुलीचा उल्लेख वेगळा कराच. 'धूर' म्हटलं की लोकांना बिडीच आठवते. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईला हा आजार आपला वाटतच नाही.

उत्तर : लक्षणासाठी 'दम लागणे' टाळून 'धाप लागणे' वापरा. दम लागतो म्हटलं की पुन्हा दमाच मनात येतो. प्रश्नही नेमका हवा : 'सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का? आपल्या चालीनं चालतानाही धापेमुळे थांबावं लागतं का?' याला 'हो' आलं तर एकाऐवजी दोन प्रकारची नळ्या रुंदावणारी औषधं द्यावीत का, याचा विचार होतो. 'त्रास होतो का?' एवढंच विचारलं तर म्हातारी माणसं 'वयानं होतंय' म्हणून सोडून देतात.

उत्तर : एक्झासर्बेशनला आपल्याकडे 'दुखण्यानं उचल खाल्ली' आहेच की! 'अटॅक' नको, लोक हृदयाचा समजतात. धाप, खोकला, बेडका काही दिवसांत (१४ दिवसांच्या आत) वाढला तर ती उचल. तेव्हा सहसा रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (पोटात घ्यायचं स्टिरॉइड) ५ दिवस पुरतं. बेडका पिवळा-हिरवा झाला, जास्त पडू लागला, तर अँटिबायोटिकचा विचार. ऑक्सिजन लावलाच तर पातळी ८८ ते ९२ टक्के ठेवायची. गरजेपेक्षा जास्त दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. हे शेवटचं पत्रकात नको, पण नर्सताईंच्या टेबलावर लावा.

उत्तर : एक सावधगिरी. बीडकडे ऊसतोड कामगारांत 'उचल' म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. सुटा शब्द ठेवू नका.

प्रश्नकर्ती : हे माहीत नव्हतं, आभार. मग असं लिहिते : 'धाप, खोकला किंवा बेडका नेहमीपेक्षा वाढला, तर आजारानं उचल खाल्ली असं समजा आणि त्याच दिवशी केंद्रात या. ओठ निळसर पडले किंवा बोलताना वाक्य पुरं होईना, तर १०८ ला फोन करा.'