जिभेत टोचलेली दांडी दातांवर आपटते: ती कधी बदलावी?

सुरंगीचा_वळेसर (प्रश्न):

मी मूळची वेंगुर्ल्याची असून शिक्षणासाठी गोव्यात राहते. नऊ दिवसांपूर्वी तेथील एका स्टुडिओत मी जीभ टोचून घेतली. सुई माझ्यासमोर नव्या पाकिटातून काढली गेली, हातमोजे बदलले गेले आणि जिभेखालच्या दोन निळ्या शिरा नीट पाहूनच मधोमध खूण केली गेली, त्यामुळे प्रत्यक्ष टोचण्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जीभ इतकी सुजली होती की माझे बोलणे घरच्यांना फोनवर कळेना. सातव्या दिवसापर्यंत सूज बरीच ओसरली, परंतु दांडी मात्र होती तेवढीच लांब राहिली. आता बोलताना तिचा खालचा मणी पुढच्या दातांच्या मागच्या बाजूवर आपटतो आणि जेवताना दोन वेळा तो दाढांखाली सापडला. स्टुडिओत फोन केला असता “दोन महिने हात लावायचा नाही” एवढेच सांगून त्यांनी फोन ठेवला.

सध्या गणपतीसाठी घरी आले आहे. आई पहिले दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही आणि तिसऱ्या दिवसापासून हळदीची वाटी घेऊन मागे लागली आहे. मामांचे म्हणणे असे की समुद्राच्या पाण्याने चुळा भरल्या की कोणतीही जखम भरते. दांडीभोवती पांढरट-पिवळसर स्राव दिसतो, पण वास नाही आणि तापही नाही. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: दोन महिने खरोखर थांबावे का, आणि आखूड दांडी मागवून मी घरीच बदलली तर चालेल का?

माडाखालची_वाट:

चार वर्षांपूर्वी मी खालचा ओठ टोचून घेतला होता, म्हणून जिभेच्या दांडीविषयी अधिकाराने बोलणार नाही. तोंडातील जखम कशी सांभाळावी एवढे मात्र सांगू शकते.

मामांना आदरपूर्वक थांबवा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तर शरीराला मानवणाऱ्या सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. शिवाय भाद्रपदात खाडीतून किनाऱ्यावर काय काय वाहून येते ते आपण सारेच पाहतो. घरी करायचे असल्यास उकळून गार केलेल्या २५० मिलिलिटर पाण्यात पाव चमचा बारीक मीठ पुरते. तुमच्या तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठाला १९३०च्या सत्याग्रहाची पुण्याई आहे हे मान्य, पण जाडे मीठ चमच्यात पोकळ बसते आणि त्याचा अंदाज चुकतो. जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी अर्धा ते एक मिनिट चूळ भरावी, दिवसातून चार-पाच वेळांपेक्षा अधिक नको. मी घाबरून दहा-बारा वेळा तीव्र माउथवॉश वापरत असे. परिणामी जीभ पांढरी पडली, तोंड सतत चुरचुरत राहिले आणि मी त्यालाच जंतुसंसर्ग समजून आणखी चुळा भरत राहिले.

खाण्याचे म्हणाल तर कोमट पेज, मऊ भात आणि शहाळ्याची मलई यांवर माझे पहिले दहा दिवस निघाले. बांगड्याचे तिखले काही काळ विसरावे लागेल आणि सोलकढीही, कारण कोकमाचा आंबटपणा जखमेला झोंबतो. (तिरफळाने जीभ बधिर होते, म्हणून ते चावावे, असे मला एका मैत्रिणीने सुचवले होते. कृपया करू नये.) मोदक खाता येतील, पण पूर्ण निवल्यावर, आतले गुळाचे सारण बाहेरच्या उकडीपेक्षा कितीतरी अधिक वेळ गरम राहते आणि खोबऱ्याचा कीस दांडीभोवती गुंडाळून बसतो, म्हणून लगेच चूळ भरावी.

जुना_कुडाळकर:

आमचे घराणे सोनारकामाचे. माझ्या आजोबांनी आणि वडिलांनी हजारो कान-नाके टोचली, त्यांत सोन्याची तार घातली आणि खोबरेल तेलात कालवलेली हळद लावण्यास सांगितले. म्हणूनच मी आपल्या मातोश्रींची काळजी समजू शकतो. तथापि तो अनुभव जिभेला लागू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कानाची पाळी कोरडी असते आणि बाहेरून पुसता येते, तर जीभ सतत ओली आणि सतत हलती. तेथे हळदीची पूड छिद्रात आणि दांडीच्या मण्याखाली साचते व निघत नाही.

घरातील कोणी “आपण सोन्याची करून घालू” असे म्हणाल्यास तेही टाळावे. आपल्याकडील २२ कॅरट सोने मऊ असते, दातांखाली त्यावर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत घाण बसते. चांदी ताज्या जखमेत घालूच नये. वैद्यकीय रोपणासाठी वापरतात त्या दर्जाचे टायटॅनियम मागावे. त्याचे मानक एफ-१३६ या क्रमांकाने ओळखले जाते आणि चांगल्या स्टुडिओला ते विचारले तर राग येऊ नये. मणी सैल वाटल्यास स्वच्छ धुतलेल्या बोटांनी आवळावा. गेल्या वर्षी एक मुलगा आमच्या दुकानात मणी पकडीने घट्ट करून मागण्यास आला होता आणि त्याला परत पाठवताना मला बरेच वादंग सोसावे लागले.

दाढदुखीचा_डॉक्टर:

मी चिपळूण परिसरात दंतवैद्यकाचा व्यवसाय करतो. वरील सल्ले उपयुक्त आहेत, परंतु मूळ प्रश्न लांबीचा आहे आणि तो बाजूला पडू नये.

सुरुवातीला लांब दांडी घालणे योग्यच असते, कारण जीभ दुप्पट वाटावी इतकी सुजू शकते आणि आखूड दांडीचे मणी मांसात रुतू शकतात. सूज उतरली की तीच जादा लांबी अपायकारक ठरते. स्टुडिओने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या असाव्यात असे दिसते: छिद्र भरून स्थिर होण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात हे खरे, पण दांडी आखूड करण्यासाठी तितके थांबायचे नसते. सूज पूर्ण गेल्यावर, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, ती बदलावी. नवव्या दिवशी घाई नको, कारण उरलेली थोडी सूज जेवणाने किंवा बोलण्याने पुन्हा वाढू शकते.

घरी मात्र बदलू नका. जीभ फार लवकर भरून येते. या अवस्थेत दांडी काढल्यावर नवी बसवण्यास थोडा उशीर झाला तरी छिद्र आवळते आणि मग जबरदस्तीने घुसवताना आतील नाजूक थर फाटतो. निर्जंतुक साधनांनी, अनुभवी माणसाने ती एका हालचालीत बदलावी.

दातांचे नुकसान दोन प्रकारचे असते आणि त्यांतले दुसरे अधिक फसवे आहे. मणी दाढांखाली सापडला की दाताचा कोपरा तुटतो. हे तत्काळ कळते आणि रुग्ण आमच्याकडे येतो. पुढच्या खालच्या दातांमागे मणी महिनोन्‌महिने घासत राहिला तर मात्र हिरडी हळूहळू खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते आणि दुखत काहीच नसल्यामुळे आरशात कोणी पाहत नाही. सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. काही रुग्णांना टाळूचा तुकडा घेऊन तेथे शिवावा लागतो. ओठात टोचल्यास हेच दातांच्या पुढच्या बाजूस घडते, तेव्हा माडाखालची_वाट यांनीही एकदा तपासून घ्यावे. दंतवैद्य म्हणून माझे मत तोंडात काहीही टोचू नये असेच आहे, आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनचीही हीच भूमिका आहे. पण टोचून झाले आहे तर निदान दांडीशी जिभेने खेळण्याची सवय पहिल्याच महिन्यात मोडा. माझ्याकडे आलेल्या बहुतेकांचे नुकसान जंतूंनी केलेले नव्हते, या सवयीने केलेले होते.

तुम्ही वर्णन केलेला वासविरहित, पातळ स्राव भरत्या जखमेचा असतो. घट्ट हिरवट पू, दुर्गंधी, वाढती वेदना किंवा ताप असल्यास डॉक्टरांना दाखवा आणि दांडी स्वतः काढू नका, कारण छिद्र मिटून पू आत कोंडू शकतो. जिभेखाली किंवा हनुवटीखाली कडक सूज आली, गिळता येईनासे झाले किंवा श्वासास अडथळा वाटू लागला तर विसर्जनाची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. झडपांचा किंवा जन्मजात हृदयविकार असल्यास हे टोचण्यापूर्वीच हृदयरोगतज्ज्ञांना विचारायला हवे होते. आता तरी सांगा. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश आठवडेच्या आठवडे वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते, म्हणून तो सांगितल्याशिवाय नको. अल्कोहोल असलेलाही नको.

सुरंगीचा_वळेसर:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. हृदयविकार नाही. स्टुडिओच्या पावतीवर दांडीची लांबी २२ मिलिमीटर लिहिलेली आहे हे मी आजवर पाहिलेच नव्हते. दुसऱ्या एका स्टुडिओशी बोलले. त्यांनी फोनवर लांबी ठरवण्यास नकार दिला आणि विसाव्या दिवशी जीभ मोजून, बहुधा १६ मिलिमीटरची टायटॅनियमची दांडी बसवू असे सांगितले. फोनवर लांबी न ठरवणारा माणूस मला अधिक विश्वासाचा वाटला. त्याआधी वेंगुर्ल्यातील दंतवैद्यांकडून दात आणि हिरड्या तपासून घेणार आहे.

जिभेने मणी फिरवण्याची सवय मला लागली आहे हे डॉक्टरांचे उत्तर वाचतानाच लक्षात आले, कारण वाचतानाही मी तेच करत होते. आईला आपले प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. हळदीची वाटी तिने मुकाट्याने उचलून नेली आणि माझ्या वाट्याचे पाच मोदक निवायला वेगळ्या ताटात काढून ठेवले. त्यांतील दोन मामांनी खाल्ले.